नासाचं वर्ल्डव्ह्यू: प्लवक दिसतात, खाली जाणारा कार्बन मात्र वाचावा लागतो

आधी निकाल सांगते. शैवालं, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) किंवा कार्बनचक्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने नासाचं वर्ल्डव्ह्यू हे उपग्रहांची रोजची चित्रं दाखवणारं संकेतस्थळ वापरायलाच हवं. फुकट आहे, नावनोंदणी लागत नाही, फोनवरही चालतं. पण ते समुद्राचा वरचा थर दाखवतं. वनस्पतिप्लवकांनी घेतलेला कार्बन खोल पाण्यात कसा पोचतो, हा या विषयाचा गाभा, आणि तो या नकाशावर थेट दिसत नाही. तो वाचायला शिकावं लागतं. म्हणून या परीक्षणात मी बटणांबद्दल थोडं आणि वाचण्याबद्दल जास्त लिहिणार आहे. बटणं कुणालाही दहा मिनिटांत जमतात.

मी सांगलीत बी.एस्सी.च्या वर्गांना वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि शैवालं हा माझा जिव्हाळ्याचा विषय. कृष्णा आमच्या दारात आहे. आयर्विन पुलाखालून बाटली भरून आणली की डायटम, सिनेडेस्मस, कधी मायक्रोसिस्टिसचे पुंजके स्लाइडवर सापडतात आणि प्रॅक्टिकलला जीव येतो. समुद्रातले प्लवक मात्र आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत, रंग उडालेले. कार्बनचक्राचा तक्ता भिंतीवर आहे, त्यात समुद्राच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत एक सरळ उभा बाण काढलेला. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळपास अर्धा वाटा हे प्लवक उचलतात. हवेत जेवढा कार्बन आहे त्याच्या चाळीस पटींहून जास्त समुद्रात साठलेला आहे, आणि तो तिथे धरून ठेवण्यात या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींचा मोठा हात आहे. एवढ्या मोठ्या व्यवहारासाठी तो एक बाण मला कायम अपुरा वाटत आला.

वर्ल्डव्ह्यू उघडलं की समोर पृथ्वीचा नकाशा येतो आणि त्यावर त्या दिवशीचं उपग्रहाचं चित्र. डावीकडे थरांची यादी, खाली तारखांची पट्टी. उपग्रहाने टिपलेलं बरंचसं चित्रण साधारण तीन तासांत इथे लागतं. टेरा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये सुटला, त्यामुळे २००० सालापर्यंत मागे जाऊन एकेक दिवस बघता येतो. ‘अ‍ॅड लेयर्स’ दाबा, क्लोरोफिल शोधा आणि अ‍ॅक्वा उपग्रहाचा किंवा व्हीआयआयआरएस या उपकरणाचा थर घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटलेल्या पेस उपग्रहाचे थरही आहेत, आणि तो तर मुख्यतः समुद्राचा रंग बारकाईने वाचण्यासाठीच बनवला आहे. हरितद्रव्य, म्हणजेच क्लोरोफिल, निळा आणि लाल प्रकाश शोषतं, हिरवा परत पाठवतं. पाण्यातून परत आलेल्या निळ्या-हिरव्या प्रकाशाचं प्रमाण बघून दर घनमीटरला किती मिलिग्रॅम क्लोरोफिल असेल याचा अंदाज बांधला जातो. नकाशावर माउस फिरवला की रंगपट्टीवर त्या जागेचा आकडा दिसतो. दोन तारखा शेजारी ठेवून तुलना करता येते, हव्या त्या दिवसांची चलचित्रफीत करता येते, मोजपट्टीने अंतर मोजता येतं. वापराबद्दल एवढं पुरे.

आता एक चित्र जवळून बघू. फेब्रुवारीची अखेर किंवा मार्चची सुरुवात निवडा, अरबी समुद्राचा वरचा कोपरा गाठा आणि ओमानच्या आखाताच्या तोंडापाशी थांबा. हिवाळ्यात उत्तरेकडचे कोरडे गार वारे इथलं वरचं पाणी थंड करतात. थंड झालेलं पाणी जड होऊन खाली बसतं, घुसळण होते आणि खालची नायट्रेट, फॉस्फेट ही प्लवकांची खतं वर येतात. मग ऊन वाढलं की प्लवकांची भरभराट. साध्या रंगीत चित्रातसुद्धा निळ्या पाण्यावर हिरवी वेटोळी उठलेली दिसतात. प्रत्येक वेटोळं म्हणजे एका भोवऱ्याची कड. मोजपट्टी टाकली तर एकेक भोवरा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा भरतो, म्हणजे सांगलीहून पंढरपूर गाठावं एवढा. असे भोवरे आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने फिरत राहतात.

चित्र आणखी मोठं करा. हिरवा रंग सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. भोवऱ्याच्या कडेने त्याचे धागे ओढले गेलेले असतात, रुंदीला जेमतेम काही किलोमीटर आणि लांबीला कित्येक पट. आता त्याच तारखेचा पृष्ठभागाच्या तापमानाचा थर वर चढवा आणि त्याची पारदर्शकता कमी-जास्त करत बघा. बरेच धागे थंड आणि उबदार पाण्याच्या हद्दीवर बसलेले सापडतात. हा क्षण वर्गात मोठ्या पडद्यावर दाखवण्यासारखा आहे. मागच्या बाकावरची मुलंही पुढे येऊन उभी राहतात.

आमच्या वर्गात नेमक्या याच जागी एकीने विचारलं, “मॅडम, हे हिरवं पुढं सरकतंय ते कळलं. पण खाली जातंय का?”

सगळं इथेच आहे. उत्तर देण्यासाठी आधी एक हिशेब फळ्यावर मांडावा लागतो. काही मायक्रॉनची एखादी पेशी स्वतःच्या वजनाने दिवसाला एक मीटरही खाली जात नाही. शंभर मीटर उतरायला तिला कित्येक महिने लागतील, आणि तोवर तिला कुणीतरी खाल्लेलं असेल किंवा जिवाणूंनी कुजवून तिचा कार्बन पुन्हा वरच्याच पाण्यात सोडलेला असेल. वजनाने खरोखर खाली जातं ते मोठं सामान: डायटमच्या एकमेकांना चिकटलेल्या साखळ्या, चिकट द्रव्यात गोळा झालेला मृत कचरा ज्याला मरीन स्नो म्हणतात, आणि कोपेपॉडसारख्या प्राणिप्लवकांची विष्ठा. यांचा वेग दिवसाला दहा-वीस मीटरपासून काही शे मीटरपर्यंत. तक्त्यावरचा सरळ बाण यांचाच, आणि तो खराच आहे.

पण दुसरी वाट आहे, आणि तिच्यात पेशी जड असण्याची गरजच नाही. पाणीच खाली जातं आणि आपल्यात जे काही तरंगतंय ते सगळं घेऊन जातं. हरिपूरच्या संगमावर पावसाळ्याच्या तोंडाला कृष्णा आणि वारणा दोन वेगळ्या रंगांची येतात आणि काही अंतर शेजारी शेजारी वाहतात, मध्ये एक रेघ ठेवून. समुद्रातल्या दोन पाण्यांमध्येही अशी रेघ असते. फरक इतकाच की ती खोलीत उभी न राहता तिरपी असते. थंड, जड पाणी पाचरीसारखं हलक्या पाण्याच्या खाली शिरलेलं असतं. भोवरा या हद्दीला ताणतो, पिळतो, अरुंद करतो. हद्द अरुंद झाली की दोन बाजूंमधला घनतेचा उतार तीव्र होतो, आणि पाण्याचा दाब व पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम यांच्यातला तोल बिघडतो. तो सावरण्यासाठी हलक्या बाजूचं पाणी वर चढतं आणि जड बाजूचं पाणी त्या तिरप्या उतारावरून खाली घसरतं. मोठ्या भोवऱ्यांच्या पोटात हा उभा वेग दिवसाला काही मीटर असतो. काही किलोमीटर रुंदीच्या अशा चिंचोळ्या हद्दींवर तो दिवसाला शंभर मीटरपर्यंत जाऊ शकतो. महिन्यांचं काम दिवसांत होतं.

हे उतरणं सरळ नसतं, हे मुलांच्या मनावर ठसवायला हवं. शंभर मीटर खाली जाताना ते पाणी आडवं कित्येक किलोमीटर सरकलेलं असतं. पाण्याची एक जीभ वरून निघते आणि उजेडाच्या थराखाली लांबवर सरकत जाते, आतमध्ये प्लवक, विरघळलेला सेंद्रिय कार्बन, ऑक्सिजन सगळं तसंच घेऊन. आणि हीच यंत्रणा दुसऱ्या बाजूला खालचं खत वर आणते, ज्यावर पुढचे प्लवक वाढतात. वर आणणं आणि खाली नेणं ही दोन कामं एकाच भोवऱ्याच्या कडेला चालू असतात. मला हा भाग शिकवताना दर वर्षी तितकाच आनंद होतो.

किती खोल गेलं यावर पुढचं सगळं ठरतं. ते पाणी हिवाळ्यातल्या घुसळणीच्या टप्प्यातच राहिलं, तर पुढच्या थंडीत ते वर येणार आणि त्यातला कार्बन पुन्हा हवेत जाऊ शकणार. त्या टप्प्याच्या खाली गेलं तर तो कार्बन दशकं खालीच राहतो. हजार मीटरच्या खाली पोचलं तर शतकं.

ही नुसती कागदावरची कल्पना नाही. २००८ च्या वसंतात आइसलंडच्या दक्षिणेला उत्तर अटलांटिकमध्ये शास्त्रज्ञांनी पाण्याखालून फिरणारी ग्लायडर नावाची स्वयंचलित यंत्रं सोडली होती. त्यांना १०० ते ३५० मीटर खोलीवर असे पट्टे सापडले ज्यांत सेंद्रिय कार्बन भरपूर होता, आणि सोबत क्लोरोफिल आणि ऑक्सिजनही आजूबाजूपेक्षा जास्त. अंधारातल्या पाण्यात ऑक्सिजन जास्त सापडतो याचा अर्थ ते पाणी नुकतंच पृष्ठभागावर होतं. मेलिसा ओमंड, अमला महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं आणि हिशेब केला, की अशा वसंत-बहराच्या प्रदेशात खाली जाणाऱ्या कणरूप सेंद्रिय कार्बनपैकी निम्म्यापर्यंत वाटा भोवऱ्यांच्या या ढकलण्याचा असू शकतो. निम्मा! पुढे २०२४ मध्ये मारा फ्रायलिक आणि सहकाऱ्यांचं भूमध्य समुद्रातलं काम प्रसिद्ध झालं. तिथे उजेडाच्या खालच्या थरात सापडलेल्या सूक्ष्मजीवांचा समुदाय वरच्या पाण्यातल्यासारखाच होता, आणि त्यात स्वतःच्या वजनाने कधीच बुडणार नाहीत अशा बारीक पेशीही होत्या.

आता परत संकेतस्थळाकडे. उपग्रह स्वच्छ पाण्यातही वरच्या काही दहा मीटरांतलाच रंग वाचतो. अरबी समुद्रात एप्रिल-मेमध्ये प्लवकांचा सगळ्यात दाट थर ५०-६० मीटर खाली असतो, आणि नकाशा तेव्हा फिका निळा दिसतो. त्यामुळे सोमवारी दिसलेला हिरवा धागा गुरुवारी दिसेनासा झाला तर त्याचे अर्थ अनेक: खाल्ला गेला, विरला, खाली घसरला, किंवा नुसता ढग आला. मुलं लगेच “बुडाला” म्हणतात. तेव्हा मी त्यांना तापमानाचा थर लावायला सांगते. धागा हद्दीवर होता का, हद्द दिवसागणिक अरुंद होत होती का, हे बघा आणि मगच “खाली गेला असण्याची शक्यता आहे” एवढंच जर्नलमध्ये लिहा. वर्ल्डव्ह्यू पुरावा देतं तो एवढाच, आणि तेवढा तो फार चांगला देतं.

हिरवं दिसलं म्हणजे कार्बन खाली चाललाच, असंही नाही. अरबी समुद्राच्या त्या सुंदर वेटोळ्यांमध्ये गेल्या काही दशकांत हिरव्या नॉक्टिल्युका या एकपेशीय प्लवकाचं राज्य आहे, जिथे पूर्वी डायटम प्रमुख होते. नॉक्टिल्युका फुगीर आणि पाण्याहून हलका असतो, वर तरंगतो. डायटमला सिलिकाचं जड कवच असतं. कोण वाढलं यावर कोण बुडणार ते ठरतं. याचा सगळ्यात चांगला दाखला दक्षिण महासागरातला आहे, आणि त्यात आपल्या गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. २००४ मध्ये पोलारस्टर्न या जर्मन जहाजावरून एका भोवऱ्याच्या पोटात लोहाचं खत टाकून पाहिलं. भोवरा निवडला कारण त्याच्या आतलं पाणी आठवडे वेगळं राहतं, इकडेतिकडे पसरत नाही. डायटम फोफावले, आणि त्या बहराचा निदान अर्धा भाग हजार मीटरच्या खाली गेला. मग २००९ मध्ये गोव्याची संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून लोहाफेक्स हा प्रयोग केला: तोच महासागर, तेच जहाज, पुन्हा भोवरा, पुन्हा लोह. पण तिथल्या पाण्यात सिलिका फार कमी होती, डायटम वाढलेच नाहीत. जे वाढलं ते कोपेपॉडांनी खाऊन टाकलं आणि खोलवर फारच थोडं पोचलं. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला पेशीचं कवच का शिकायचं, याचं उत्तर या दोन प्रयोगांत आहे. परीक्षेत हा प्रश्न येत नाही, तरी मी तो शिकवते.

आता बंगालच्या उपसागराकडे, कारण आपलं पाणी तिकडे जातं. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा साताऱ्यातून, सांगलीवरून जाते आणि साधारण १४०० किलोमीटर वाहून आंध्रात हंसलदीवीजवळ समुद्राला मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरचा निरभ्र दिवस पकडला तर वर्ल्डव्ह्यूवर कृष्णा-गोदावरीच्या मुखांपाशी समुद्र मातकट झालेला दिसतो. क्लोरोफिलच्या थरावर बंगालचा उपसागर अरबी समुद्राच्या मानाने फिका असतो. नद्यांचं गोडं हलकं पाणी वर झाकणासारखं पसरतं आणि खालचं खत वर येऊ देत नाही. तिथे भोवरे हे झाकण उचलतात आणि त्या जागी हिरवे ठिपके उमटतात. पण नद्यांच्या मातीचा दुसराही परिणाम आहे. चिकणमातीचे कण सेंद्रिय कचऱ्याला चिकटतात, गोळे जड होतात आणि लवकर तळाला जातात. गोव्याच्या संस्थेने हॅम्बर्ग विद्यापीठाबरोबर १९८६ पासून आधी अरबी समुद्रात आणि मग बंगालच्या उपसागरात खोलवर सेडिमेंट ट्रॅप, म्हणजे वरून पडणारा कचरा झेलणारे सापळे, लावून वर्षभर काय पडतंय ते गोळा केलं. अरबी समुद्रात सर्वाधिक कार्बन नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात पडतो आणि उपसागरात नद्यांचा गाळ त्याला वजन देतो, हे त्यातून कळलं. गंगा-ब्रह्मपुत्रेचा वाटा अर्थातच सगळ्यात मोठा, आणि कृष्णेचा बराचसा गाळ आता धरणांमध्येच अडतो. तरीही पुराच्या दिवसांत घाटावर उभं राहून ते तांबडं पाणी बघताना मला हे आठवतं, आणि मुलांनाही आठवावं असं वाटतं.

वापरताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. जून ते सप्टेंबर क्लोरोफिलच्या थरावर अरबी समुद्राचा मोठा भाग रिकामा दिसेल. ढगांतून समुद्राचा रंग वाचता येत नाही, त्याला कुणाचाच इलाज नाही. त्या दिवसांत ‘एमयूआर’ नावाचा समुद्र-तापमानाचा थर लावा. त्यात ढगांतून आरपार जाणाऱ्या सूक्ष्मलहरींची मोजमापंही वापरलेली असल्याने नकाशा भरलेला दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये सोमालियाच्या किनाऱ्याला लागून थंड पाण्याची पाचर आणि तिच्या दक्षिणेला ‘ग्रेट व्हर्ल’ हा प्रचंड भोवरा हुडकता येतो. तो सांगली-मुंबई अंतराहूनही मोठा भरतो. किनाऱ्याजवळ खालून वर आलेलं थंड, खताने समृद्ध पाणी तो आपल्याभोवती गुंडाळून खोल समुद्रात नेतो. किनाऱ्यालगतच्या क्लोरोफिलच्या आकड्यांवर फार विसंबू नका, गढूळ पाण्यात ते चुकतात. टेरा आणि अ‍ॅक्वावरच्या मोडिस या उपकरणाच्या चित्रांमध्ये आपल्या अक्षांशांवर दोन फेऱ्यांच्या मध्ये अरुंद मोकळी जागा राहते, व्हीआयआयआरएसचा पट्टा रुंद असल्याने त्यात ती राहत नाही. मधोमध रुपेरी चकाकी दिसली तर ते पाण्यावरून परतलेलं ऊन आहे, प्लवक नव्हेत. त्या चकाकीतही कधी कधी भोवऱ्यांच्या रेषा उठून दिसतात.

संकेतस्थळ इंग्रजीत आहे. मी थरांची नावं आणि त्यांचे मराठी अर्थ एका पानावर लिहून प्रयोगशाळेत लावले आहेत, तेवढ्यावर मुलांचं काम भागतं. जत, आटपाडीकडच्या ज्या शिक्षकांकडे नेट कमी पडतं त्यांनी वरच्या कॅमेऱ्याच्या चिन्हावरून हव्या त्या चौकटीचं चित्र आधीच उतरवून ठेवावं. सलग सात-आठ दिवसांची चित्रं एकामागून एक दाखवली तरी भोवरा फिरताना स्पष्ट दिसतो.

पाचापैकी साडेचार देईन. उरलेल्या अर्ध्यासाठी याच्या जोडीला आर्गो फ्लोटची, म्हणजे समुद्रात सोडलेल्या आणि आपोआप खाली-वर जाणाऱ्या मोजयंत्रांची, माहिती घ्या. जगभरच्या समुद्रांत जवळपास चार हजार फ्लोट आहेत. ते हजार मीटरवर वाहत राहतात आणि साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत जाऊन मोजत मोजत वर येतात. भारताचं आर्गो केंद्र हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती संस्थेत आहे आणि ही माहितीही सर्वांना खुली आहे. यातल्या काही फ्लोटवर क्लोरोफिल आणि ऑक्सिजनचे सेन्सर असतात. असा एखादा फ्लोट भोवऱ्याच्या कडेजवळ सापडला की त्याचा आलेख उघडा. वरच्या शंभर मीटरांत क्लोरोफिलचा फुगवटा असणारच, तो सोडून द्या. त्याखाली, दीडशे-दोनशे मीटरवर, रेघ पुन्हा एकदा बाहेर आलेली दिसते का ते बघा, आणि त्याच खोलीवर ऑक्सिजनची रेघही बाहेर आली आहे का ते तपासा. दोन्ही एकत्र दिसल्या तर वर्ल्डव्ह्यूवर मागच्या आठवड्याच्या तारखा लावून ते पाणी वरून नेमकं कुठून निघालं असेल, याचा शोध मुलांना घेऊ द्या.